वस्ताद एक डाव राखून ठेवतो: सुपारीवाला, त्याचा चेला आणि दोन 'मेकॅनिक'

गंगापूररोडकर · रात्री ११:५२

परवा थंडीनं झोप येईना, निफाडला पारा किती उतरला ते बघत बसण्यापेक्षा पिक्चर बघू म्हटलं आणि जेसन स्टेथमचा 'द मेकॅनिक' लावला, २०११चा. तिसऱ्यांदा असेल. मग डोक्यात किडा वळवळला की हा रिमेक आहे तर ओरिजिनल पण बघून टाकू, म्हणून काल १९७२चा चार्ल्स ब्रॉन्सनवाला शोधून बघितला. दिग्दर्शक मायकेल विनर, तोच ज्यानं दोन वर्षांनी ब्रॉन्सनलाच घेऊन 'डेथ विश' काढला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पुढे शेवट फोडणार आहे, तेव्हा इथूनच मागे फिरा. आर्थर बिशप हा सुपारी घेऊन मारणारा माणूस. अंडरवर्ल्डच्या भाषेत असल्या माणसाला मेकॅनिक म्हणतात. याची खासियत अशी की खून खुनासारखा दिसतच नाही, अपघात वाटतो नाहीतर हार्ट अटॅक. त्याला हॅरी नावाच्या जुन्या, घरच्यासारख्या माणसाची सुपारी येते. तो मारतो. आणि मग त्याच हॅरीचा पोरगा स्टीव्ह याच्याकडे येतो की मला हे काम शिकव. आणि हा शिकवतो!

आता माझा प्रश्न. दोन्ही पिक्चरमध्ये चेला गुरूवर उलटतो आणि दोन्हीत शेवटी गाडीतल्या बॉम्बनं चेला उडतो. पण जुन्यात गुरू आधीच मेलेला असतो, इटलीत चेल्यानंच वाइनमधून विष घातलेलं असतं, आणि त्यानं मरायच्या आधी लावून ठेवलेला सापळा नंतर काम करतो. नव्यात स्टेथम पेट्रोल पंपावरच्या स्फोटातून सुटतो, ते आपल्याला कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये दाखवतात, आणि हिरो जिवंत राहतो. मला जुना शेवट जास्त भारी वाटला पण का ते नीट सांगता येत नाहीये. आणि दुसरं म्हणजे ज्याच्या बापाला स्वतःच्या हातानं मारलं त्या पोराला कोण शेजारी बसवून धंदा शिकवतं राव? पश्चात्ताप म्हणावं तर बिशपच्या चेहऱ्यावर तसलं काही दिसत नाही. बोला.

पापडवाली_मिसळ · रात्री १२:०४

जुना बघायला घेतला होता मी पण, पंधरा मिनिटं झाली तरी कोणी एक शब्द बोलेना, मला वाटलं मोबाईलचा आवाज गेला 😂 हेडफोन बदलून बघितला, मग बंद केला.

गंगापूररोडकर · रात्री १२:०७

अरे तीच तर त्या पिक्चरची जान आहे! सुरुवातीची पंधराएक मिनिटं डायलॉगच नाही. तो समोरच्या बिल्डिंगमध्ये खोली भाड्यानं घेतो, समोरच्या माणसाचं बारीक निरीक्षण करतो, तो चहा कधी करतो, पुस्तक कुठलं वाचतो, सगळं. त्याच्या घरात जाऊन थोडी फेरफार करतो आणि परत येऊन खिडकीत बसतो. आपल्यालाही कळत नाही हा काय करतोय, आणि शेवटी एकदम कळतं. आजच्या पिक्चरमध्ये तेवढ्या वेळात तीन गाणी आणि एक बारसं होतं.

देवळालीकॅम्प_काका · सकाळी ६:३५

आम्ही इंग्रजी पिक्चर कॅम्पातच बघायचो, शहरात इंग्रजी लागला तरी आठवडा टिकायचा नाही. ब्रॉन्सन हा आमच्या पिढीचा हिरो. त्याचा चेहरा म्हणजे पांडवलेणीचा कातळ, त्यावर कोणी छिन्नी मारली तरी हसणार नाही.

गंगापूररोडकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पिक्चरमध्येच आहे. बिशप आजारी आहे. पॅनिक अटॅक येतात, गोळ्या घेतो, एकदा तर गर्दीत कोसळतो. एवढा मोठा बंगला, भिंतीवर ते बॉश नावाच्या जुन्या चित्रकाराचं स्वर्ग-नरकाचं भलंमोठं चित्र, ग्रामोफोनवर क्लासिकल, हातात मेणाचा गोळा दाबत बसलेला, आणि घरात दुसरं माणूस नाही. एकटेपणा हो, बाकी काही नाही. पश्चात्ताप वगैरे नव्या पिक्चरमध्ये घुसवला.

पंचवटीतली_वाचनवेडी · सकाळी ८:१०

काका अगदी बरोबर. आणि एका सीनबद्दल कोणीच बोललं नाही अजून. बिशप एका बाईकडे जातो, ती त्याला किती आठवण आली वगैरे सांगते, एक प्रेमपत्र वाचून दाखवते, आपल्याला वाटतं ही याची प्रेयसी. आणि मग तो पैसे काढून देतो. म्हणजे पत्र, रडणं, सगळं ठरवून, पैसे मोजून! ती भूमिका जिल आयर्लंडनं केलीय, म्हणजे ब्रॉन्सनची खरीखुरी बायको. मला त्या सीनला जेवढं गलबललं तेवढं अख्ख्या पिक्चरमध्ये कुठे नाही.

आता जुन्याचा शेवट आठवा. स्टीव्ह परत येतो, गाडीत बसतो आणि आरशाला लावलेली चिठ्ठी वाचतो, की तू हे वाचतोयस म्हणजे मी परत आलो नाही, आणि तुझ्याकडे आता काही सेकंद आहेत. म्हणजे पिक्चरमध्ये दोन पत्रं आहेत. एक त्यानं विकत घेतलेलं. आणि एक स्वतःच्या हातानं लिहिलेलं, तेही ज्यानं आपल्याला मारलं त्या पोराला. माझ्या मते ते दुसरं पत्रच खरं आहे, त्याच्या आयुष्यात एवढं खरं त्यानं कोणालाच लिहिलेलं नसणार.

पापडवाली_मिसळ · सकाळी ८:१५

ताई आता मला परत बघावा लागणार, पंधरा मिनिटं म्यूट समजून 🙏

सातपूरचा_फिटर · सकाळी ९:२०

चहाच्या सुट्टीत लिहितोय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी पिक्चरचा जाणकार वगैरे नाही पण 'मेकॅनिक' नाव बघून धागा उघडला, वाटलं गाडीचं काहीतरी असेल 😅 पण दोन्ही बघितलेत, आणि मला तर हा पिक्चर अप्रेंटिसचाच वाटतो. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर हेच चालतं भाऊ, फक्त मुडदा पडत नाही. मी आयटीआय फिटर, दोन वर्षं झाली की कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलो, तिथं आमचे एक वस्ताद होते, नाव नाही सांगत, आता नाहीत ते. पहिले सहा महिने फक्त फायलिंग. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासायचा, राइट अँगल लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की वस्ताद काही बोलायचे नाहीत, तुकडा उचलून स्क्रॅपच्या पेटीत टाकायचे. परत नवा तुकडा. बिशप पण त्या पोराला तेच करतो ना, आधी बंदूक हातात देत नाही, आधी बघायला शिकवतो.

आणि तालमीत म्हणतात तसं, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. गंगापूररोडकर, तुम्हाला जुना शेवट का आवडला त्याचं उत्तर हे आहे. जुन्यात तो राखून ठेवलेला डाव वस्ताद मेल्यावर लागतो. नव्यात डाव बिव काही नाही, हिरो हुशार निघाला आणि वाचला, एवढंच.

बेल झाली.

गंगापूररोडकर · सकाळी ९:४१

क्या बात है फिटरभाऊ. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि तुम्ही चहाच्या सुट्टीत संपवलं.

कॉलेजरोडचा_बंटी · सकाळी ११:०२

मी एकटाच नव्याच्या बाजूनं बोलतोय असं दिसतंय, मग बोलतोच. जुना पिक्चर स्लो आहे, मधेच ती मोटारसायकलची चेस इतकी लांब आहे की मी उठून मॅगी करून आलो तरी चालूच होती, कोणाच्या तरी गार्डन पार्टीतून गाड्या चालल्यात. आणि जुना स्टीव्ह, जॅन-मायकेल व्हिन्सेंट, दिसायला हँडसम पण तो पहिल्या सीनपासून बर्फासारखा थंड. त्याची मैत्रीण त्याच्यासमोर जीव द्यायला निघते आणि हे दोघं जण प्रयोगशाळेत बसल्यासारखे बघतात. अशा माणसाशी मी का कनेक्ट होऊ?

उलट नव्यात बेन फोस्टर बघा. बाप गेलाय, आत राग आहे, कुठं काढावा कळत नाही, दारू पितोय, रस्त्यावर भांडणं उकरतोय. पहिल्या कामाला बिशप त्याला सांगतो की ड्रिंकमध्ये गोळी टाक आणि गप निघून ये, आणि हा ऐकत नाही, त्या राक्षसासारख्या माणसाशी हातानं लढायला जातो, मार खातो, घर फुटतं. कारण त्याला काम करायचंच नाहीये, त्याला कोणालातरी मारायचंय. हे जुन्यात कुठंय? आणि हॅरी झालेला डोनाल्ड सदरलँड पार्किंगमधल्या त्या सीनला, व्हीलचेअरवर, समोर बिशप आलाय म्हणजे का आलाय हे त्याला कळतं... दहा मिनिटांच्या रोलमध्ये माणूस खाऊन गेला सगळ्यांना.

आणि बापाची पिस्तूल बिशपकडे सापडते तिथून स्टीव्हला कळतं. म्हणजे त्याच्याकडे मारायला कारण आहे. जुन्यात तर बापाचा बदला हे कारणच नाही.

पंचवटीतली_वाचनवेडी · सकाळी ११:३०

बंटी, बापाचा बदला नाही हेच तर जुन्यातलं भयंकर आहे! बदला असता तर आपण म्हटलं असतं चला, फिटंफाट झाली. हा पोरगा मारतो कारण त्याला आता वस्तादाची गरज उरली नाही. आणि अजून एक, इटलीला जायच्या आधीच बिशपला स्टीव्हच्या घरात स्वतःचीच फाइल सापडते, जशी सुपारीची फाइल त्याला स्वतःला यायची अगदी तशी. म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असूनही तो त्याला बरोबर घेऊन गेला, एका टेबलावर बसून प्यायला. गाडीत बॉम्ब लावून मग विमानात बसला. मनात काय असेल हो त्याच्या? मला वाटतं त्याला शेवटपर्यंत आशा होती की ती गाडी आपणच परत येऊन उघडू, बॉम्ब काढून टाकू आणि पोराला कधी कळणारही नाही.

देवळालीकॅम्प_काका · दुपारी १२:१५

हे मात्र माझ्या पन्नास वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मी आजपर्यंत तो बॉम्ब म्हणजे सूड समजत होतो.

जुने_नाशिक_जुनी_माणसं · दुपारी २:४०

जेवण करून आलो तर धागा एवढा वाढलेला. विषयाला थोडं सोडून, पण नाशिककरांचा धागा आहे म्हणून. तुम्ही सगळे पिक्चरमधल्या पिस्तुलाच्या गप्पा मारताय, पण या गावात थेटरातच खरी गोळी चाललेली आहे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थेटर, 'संगीत शारदा'चा प्रयोग, आणि कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. वय किती, १७-१८. औरंगाबादला शिकणारा पोरगा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या जेलमध्ये फाशी, बरोबर कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. आमचे आजोबा विजयानंदवरून जाताना दर वेळी थांबून हे सांगायचे, आम्ही पोरं कंटाळायचो. त्या वयाचा पोरगा, हातात पिस्तूल, मागे मोठी माणसं... मला पिक्चर बघताना तेच आठवत राहिलं.

मेहेर_सिग्नल · दुपारी २:५५

माफ करा पण ही तुलना मला अजिबात पटली नाही. कान्हेरेंना भाडोत्री मारेकऱ्यांच्या धाग्यात आणून बसवू नका. सुपारी आणि क्रांती यात काही फरक आहे की नाही?

जुने_नाशिक_जुनी_माणसं · दुपारी ३:०८

तुलना केलीच नाही भाऊ, आठवलं म्हटलं. फरक तुम्ही सांगायच्या आधीपासून माहीत आहे, आमच्या घरात फोटो आहे त्यांचा. एकानं पैसे घेतले, दुसऱ्यानं प्राण दिले. तरी तुम्हाला लागलं असेल तर शब्द मागे घेतो.

मेहेर_सिग्नल · दुपारी ३:२०

नाही नाही, तसं काही नाही. मीच जरा तापलो. आणि काका, सुपारीवरून आठवलं, आपल्याकडे आधी विडा उचलायचे ना. अफझलखानानं विजापूरच्या दरबारात विडा उचलला तसा. विडा उचलायचा म्हणजे भर दरबारात, सगळ्यांच्या देखत. सुपारी म्हणजे त्यातलं पान गेलं, दरबार गेला, अंधारात पाकीट तेवढं राहिलं. हे माझं आपलं डोकं, पुस्तकात शोधू नका.

कॉलेजरोडचा_बंटी · दुपारी ४:०५

विडा आणि पाकीट, भारी 👏

परत मूळ मुद्द्यावर, गुरू-चेला खुनी म्हटलं की 'लिऑन' कोणीच कसा काढला नाही? १९९४, लुक बेसॉन, जाँ रेनो आणि ती छोटी नॅटली पोर्टमन, पिक्चरमध्ये बारा वर्षांची मुलगी. तिच्या अख्ख्या घराला मारून टाकतात आणि ती समोरच्या खोलीतल्या खुन्याचं दार ठोठावते. त्याचं झाड कुंडीत, तो दूध पितो, लिहितावाचता येत नाही, ती त्याला अक्षरं शिकवते आणि तो तिला नेम धरायला. म्हणजे इथं दोघंही एकमेकांचे वस्ताद. आणि हिंदीत 'बिच्छू' आहेच, २०००, बॉबी देओल आणि राणी मुखर्जी 🙈

पापडवाली_मिसळ · दुपारी ४:११

बिच्छूची आठवण काढल्याबद्दल तुला एक प्लेट मिसळ कमी.

पंचवटीतली_वाचनवेडी · दुपारी ४:३०

लिऑनमध्ये काही गोष्टी मला आज बघताना खटकतात, त्या मुलीला कॅमेरा ज्या नजरेनं बघतो ते. पण एक आहे, तिथं वस्ताद चेलीला वाचवायला मरतो आणि शेवटी ती कुंडीतलं झाड जमिनीत लावते. तिथं डाव राखून ठेवलाय तो दुसऱ्यासाठी, व्हिलनसाठी, चेलीसाठी नाही. म्हणून त्या पिक्चरनंतर रडू येतं आणि १९७२च्या मेकॅनिकनंतर पाणी प्यावंसं वाटतं.

गंगापूररोडकर · संध्याकाळी ६:५०

ऑफिसमधून आत्ता आलो, द्वारका चौकात पाऊण तास अडकलो होतो, तिथं उड्डाणपूल असूनही खाली जे चालतं त्यावर एखादा थ्रिलर होईल.

सगळं वाचलं. बंटी, तुझा बेन फोस्टरचा मुद्दा मान्य, तो पोरगा नव्या पिक्चरमधलं सगळ्यात चांगलं आहे, स्टेथमपेक्षा पण. पण पिक्चरनं त्याला शेवटी फसवलं. सबंध वेळ आपल्याला सांगितलं की याचा राग खरा आहे, याच्या बापाला खरंच याच बिशपनं मारलंय, आणि तेही बॉसनं रचलेल्या खोट्यावर विश्वास ठेवून. आणि शेवटी तो वस्तादाची रेकॉर्ड लावतो, वस्तादाची जपलेली जॅग्वार काढतो, आणि चिठ्ठी वाचून उडतो, आणि आपण टाळ्या वाजवायच्या? का, तर स्टेथमला पुढचा पार्ट करायचा होता. आणि केला की, २०१६ला, 'रिझरेक्शन'. त्यात चेला वगैरे काही नाहीच, उंच बिल्डिंगबाहेर लटकलेला काचेचा स्विमिंग पूल फोडणं आहे. बघायला मजा आली, दुसऱ्या दिवशी विसरलो.

म्हणजे फिटरभाऊंचं बरोबर. वस्ताद जिवंत राहिला की डाव हा डाव राहत नाही, नुसती युक्ती होते.

कॉलेजरोडचा_बंटी · संध्याकाळी ७:०२

हम्म. रेकॉर्ड आणि जॅग्वारचा असा विचार नव्हता केला. तरी मॅगीवाली चेस मी माफ करणार नाही.

देवळालीकॅम्प_काका · संध्याकाळी ७:४०

एक लहानपणीची गोष्ट आठवली, सगळ्यांना माहीत असेलच. मांजर वाघाची मावशी. तिनं वाघाला सगळं शिकवलं, दबा धरायला, झेप घ्यायला, पंजा मारायला. सगळं शिकून झाल्यावर वाघ तिच्यावरच धावला, तर ती सरसर झाडावर चढली. वाघ खालून म्हणाला मावशी हे नाही शिकवलंस. आमची आजी गोष्ट इथं संपवायची आणि आम्ही हसायचो. आता वाटतं, जुन्या पिक्चरमधली मांजर झाडावर चढलीच नाही. खालीच बसून राहिली वाघाशेजारी. वाचनवेडीताई म्हणतात ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

पापडवाली_मिसळ · रात्री ८:१६

फिटरदादा, मला एक विचारायचं होतं. तुमच्या त्या वस्तादांनी कुठला डाव राखून ठेवला होता? की सगळं शिकवलं?

सातपूरचा_फिटर · रात्री १०:३५

सेकंड शिफ्टच्या पोराला चार्ज देऊन आत्ता घरी आलो, जेवण झालं, म्हणून निवांत लिहितो.

राखून ठेवलं होतं ना. स्क्रेपिंग. मशीनच्या बेडचा पृष्ठभाग एकदम सपाट करायचा असतो तेव्हा सरफेस प्लेटला निळा रंग लावून ती वर घासतात, जिथं उंच असेल तिथं निळे ठिपके उठतात, ते ठिपके स्क्रेपरनं अगदी हलके खरवडायचे, परत निळा, परत खरवडायचं, असं तासन् तास. दिसायला सोपं आहे पण हाताचा जोर किती आणि कुठून कुठे ओढायचं हे सांगून येत नाही, बघूनच येतं. आणि ते काम निघालं की वस्ताद मला दर वेळी चहाला पाठवायचे. चहा म्हणजे गेटबाहेर टपरीवर, जाऊन येऊन वीस मिनिटं. आलो की काम झालेलं. दोन वर्षं मी चहा आणला. मी पण काय कमी नव्हतो, टपरीवाल्याला सांगून ठेवलं की आधी भरून ठेव, आणि मागच्या बाजूच्या खिडकीतून काच पुसून बघायचो. एकदा त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. मला वाटलं आता मेलो. ते काहीच बोलले नाहीत, फक्त थोडे बाजूला सरकले. नंतर लक्षात आलं, सरकले म्हणून मला त्यांचा हात नीट दिसला.

ते गेले तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांचा स्क्रेपर आणून दिला मला, लाकडी मुठीचा. कशासाठी दिला विचारलं तर म्हणाला बाबांनी तुमचं नाव लिहून ठेवलं होतं पेटीवर. तो मी कंपनीत नेत नाही, घरी आहे.

पापडवाली_मिसळ · रात्री १०:४१

दादा 🥺 आता तुमच्या हाताखाली पण अप्रेंटिस असतील ना?

सातपूरचा_फिटर · रात्री १०:४४

आहेत की, दोन पोरं आहेत. त्यातला एक लई चुणचुणीत आहे. परवा बेडचं काम निघालं तेव्हा त्याला चहाला पाठवला.